दौलतकाकांच्या चाळीस स्लाइड्स

अठरा वर्षांपूर्वी मी एक वाक्य खोटं बोललो. "मी बरोबरच सांगितलं होतं मॅडम. काकांनी रॅक उचलताना अदलाबदल केली असेल." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हता. दुसऱ्याची चूक पोटात घालताना माणूस आवाजात जो मऊपणा आणतो, तो आणला होता. दौलतकाका टेबलाच्या पलीकडेच उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाले, "असन मॅडम. माह्या हातानंच झालं असन."

ते भांडले असते, "हा पोट्टा खोटं बोलून राह्यला" असं म्हणाले असते, तर कदाचित मी त्याच दिवशी कबूल झालो असतो. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्या विश्वासाचं त्यांना पुढे काय भोगावं लागलं ते मला लिहायचं आहे. त्याआधी ते कोण होते हे सांगायला हवं, कारण आमच्या विभागाच्या रजिस्टरात त्यांच्याबद्दल जे लिहिलेलं होतं, ते अठरा वर्षं चुकीचं होतं.

पुसदच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात ते प्रयोगशाळा परिचर होते. शिक्षण दहावी. गाव महागाव तालुक्यात. रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं येत आणि आम्ही पोचायच्या आत बरण्या, चिमटे, पाती सगळं मांडून ठेवत. उंच, वाळका माणूस. खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखाला निळी कड होती आणि ती कधी जात नसे. पेशींभोवतीच्या साखरेच्या साखळ्या दिसाव्यात म्हणून आम्ही जो निळा रंग वापरायचो, तो त्यांच्या नखात वर्षानुवर्षं मुरला होता. नवीन विद्यार्थ्यांना ते अंगठा दाखवून म्हणत, "हे पाहा माही डिग्री."

मी अविनाश, यवतमाळच्या नोकरदार घरातला. वडील कचेरीत, आजोबाही कचेरीत. एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी या विभागात आलो. विषय होता, नव्या रक्तवाहिन्या फुटताना त्यांच्या आधारपटलातल्या प्रोटिओग्लायकनांचं काम काय. आधारपटल म्हणजे रक्तवाहिनीच्या पेशींच्या बाहेरून असणारं अगदी पातळ अस्तर. त्यात प्रथिनाचा कणा आणि त्याला साखरेच्या लांब साखळ्या चिकटलेल्या असे मोठे रेणू असतात, तेच प्रोटिओग्लायकन. विभागप्रमुख मॅडम माझ्या मार्गदर्शक. बाई कडक होत्या, पण अन्याय करणाऱ्या नव्हत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून त्यांनी निर्णय घेतला.

प्रयोग कोंबडीच्या अंड्यांवर. कवचाला एक चौकोनी खिडकी कापायची, आतल्या पटलावर औषध लावलेला कागदाचा ठिपका ठेवायचा, खिडकी चिकटपट्टीनं बंद करायची आणि काही दिवसांनी ठिपक्याभोवती किती रक्तवाहिन्या आल्या ते पाहायचं. ऐकायला सोपं. माझी पहिली बारा अंडी मेली.

दौलतकाकांनी तेराव्या अंड्याच्या वेळी माझा हात धरला. "थांबा भाऊ. हात पाहू." माझे तळवे त्यांनी अंडी उबवायच्या पेटीच्या झाकणावर ठेवले. "गरम होऊ द्या. थंड्या हातानं कोनाच्या घरात जावं काय?" मग त्यांनी पातं घेतलं आणि कवचावर अशी खिडकी कापली की खालच्या पटलाला त्याचा पत्ताही लागला नाही. आत लाल जाळं होतं आणि मधोमध मोहरीएवढं काळीज धडधडत होतं. काका दबक्या आवाजात म्हणाले, "पाहा, कसं बोलून राह्यलं."

अंडी आणायलाही तेच जात. गावाबाहेरच्या हॅचरीतून दोन ट्रे घेऊन एसटीत बसत आणि पूर्ण रस्ता ते ट्रे मांडीवर धरून येत. कंडक्टर ओळखीचा होता. तो दर वेळी एकच थट्टा करायचा, "काका, आज तरी आमलेट होऊ द्या!" आणि काका दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे सांगत, "शिकाले चालले हे, बावा. शिकलेलं खात नसते कोनी."

त्यांचं खरं राज्य मात्र मायक्रोटोमवर. मेणात बसवलेल्या नमुन्याचे केसाहून पातळ काप काढणारं ते यंत्र. काका त्यावर बसले की पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. मे महिन्यात पुसदला पंखा बंद करून बसणं म्हणजे काय हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. घाम कपाळावरून भुवईत उतरायचा, तोही ते पुसत नसत. चाक फिरवताना श्वास धरत. पात्यावरून मेणाची पट्टी सुळसुळत बाहेर यायची, ती कुंचल्यावर घेऊन कोमट पाण्यावर सोडत आणि मग श्वास सोडत. "पोहाले लागली," असं म्हणत. मॅडम पाहुण्यांना सांगत, "माझ्याकडे यंत्र जुनं आहे, पण त्यावर बसणारे हात कुठे मिळायचे नाहीत."

दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना मॅडम प्रोटिओग्लायकन शिकवत. फळ्यावर आकृती काढत, साखळ्यांची नावं लिहीत. मुलं वह्यांत उतरवून घेत आणि कोणाला काही कळत नसे. एकदा एका मुलीनं तास संपल्यावर काकांनाच विचारलं, "काका, हे नेमकं करतं तरी काय?" काकांनी खिशातून आगपेटी काढली. तिच्यात सरकी होती. कापूस पुरता न निघालेली, केसाळ.

"हे सरकी म्हंजे कना," ते म्हणाले. "अन् हे केस म्हंजे साखरेच्या साखया. आता याच्यावर दव पडलं, तं कुठं थांबते? केसात थांबते. तसा 'वाढ, वाढ' म्हननारा निरोप या केसात धरून ठेवला असते. रक्ताच्या नयीले पाह्यजे तवा तिथून घेते अन् फुटते. आता अविभाऊ काय करून राह्यले? औषध लावून सरकीची हजामत करून राह्यले. केसच नाई तं निरोप कुठं थांबन?"

मुलं हसली. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि काका, कणा तुटला तर?"

"तो तं वेगया विषय हाय मॅडम. तुमीच सांगतलं होतं. सगयं मिळून असन तं नयीले वाढवते. पन त्याचं शेपूट तुटून बाजूले झालं, तं तेच शेपूट नयीले अडवते." थोडं थांबून ते म्हणाले, "मले हे पटाले दोन वर्षं लागले. एकच वस्तू, अन् वाढवते बी, अडवते बी."

त्या वर्षापासून तो तास मॅडमनी काकांना देऊन टाकला. वेळापत्रकात नाव मॅडमचं, खडू काकांच्या हातात.

माझ्या कामाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा भर दुपारी वीज गेली. पेटीत साठ अंडी होती. आमच्याकडे ऊब जायची भीती नसते, उष्णतेची असते. खोलीच पेटीपेक्षा तापलेली. मी फोन करत सुटलो, वीज मंडळात कोणी उचलेना. काकांनी स्टोअरमधून गोणपाटं आणली, भिजवली, खिडक्यांना टांगली, पेटीचं दार बोटभर उघडलं आणि समोर स्टूल टाकून बसले. एका हातात पुठ्ठा, एका हातात थर्मामीटर. चार तास. दर पंधरा मिनिटांनी गोणपाट भिजवायचं. डबा तसाच राहिला. मी म्हटलं, "काका, तुम्ही जेवा, मी वारा घालतो." ते म्हणाले, "तुमी लय जोरात घालता भाऊ. ते काय चुलीतला इस्तो फुंकाचा हाय?" त्या साठांतली सत्तावन्न जगली. माझ्या प्रबंधाचा पहिला अर्धा भाग त्या सत्तावन्नांवर उभा आहे. प्रबंधात त्याचा उल्लेख नाही.

आता चाळीस स्लाइड्स.

पोळा आला. काका दोन दिवस गावी जायचे, दरवर्षीच जायचे. जाताना त्यांनी सगळे काप स्लाइडवर चढवून दिले. वीस साध्या, म्हणजे ज्यांवर नुसतं मिठाचं पाणी लावलं होतं त्या अंड्यांच्या. वीस एन्झाइमच्या, म्हणजे ज्यांतल्या साखळ्या आम्ही छाटल्या होत्या त्यांच्या. दोन वेगळे ट्रे. दारातून वळून ते म्हणाले, "भाऊ, नावं पेन्सिलनं लिवा बरं. पेनाचं आंघोयीत जाते." आंघोळ म्हणजे रंग देण्याआधी स्लाइड्सना स्पिरिट आणि झायलीनच्या बरण्यांतून बुडवून काढणं.

मला हे माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. पण हाताशी पेन्सिल नव्हती, मार्कर होता, आणि मला संध्याकाळच्या आत रंगकाम उरकून मॅडमना दाखवायचं होतं. काकांशिवायही मला जमतं, हे दाखवायचं होतं. चाळीसही नावं मी मार्करनं लिहिली. दोन सारख्याच रॅकमध्ये स्लाइड्स लावल्या, बरण्यांतून काढल्या, एका बरणीतून दुसरीत, तिथून तिसरीत. मध्येच ऑफिसातून बोलावणं आलं. दोन्ही रॅक टेबलावर ठेवून गेलो. परत येऊन पाहतो, तर चाळीसही काचा कोऱ्या. एकावरही अक्षर नाही. दोन रॅक शेजारी शेजारी, हुबेहूब सारखे. कुठला कोणता, मला आठवेना.

तेव्हाच मॅडमकडे गेलो असतो तर काय झालं असतं? त्या रागावल्या असत्या. तीन महिन्यांचं काम गेलं असतं. एन्झाइम परदेशातून मागवलेलं, संपत आलेलं. पुन्हा सगळं करावं लागलं असतं. बस, इतकंच.

मी अंदाज केला. डावीकडचा रॅक साधा, उजवीकडचा एन्झाइमचा, असं ठरवलं आणि रंगकाम उरकून टाकलं. काका परत आले तेव्हा म्हटलं, "काका, नावं राहून गेलीत. डावीकडचा साधा, उजवीकडचा एन्झाइमचा. तेवढं लिहून झाकणकाचा बसवून टाका." ते एसटीतून उतरून सरळ आले होते, पिशवीत पोळ्याच्या करंज्या होत्या. त्यांनी हात धुतले, कानावरची पेन्सिल काढली आणि त्यांच्या सुंदर, जरा मागे झुकलेल्या अक्षरात चाळीस नावं लिहिली. नावं का राहिली, असं विचारलंसुद्धा नाही.

आठवड्यानं मॅडमनी सूक्ष्मदर्शकावर डोळा लावला. दहा स्लाइड्स पाहून त्यांनी मान वर केली. "हे उलटं आहे. साध्यात निळा थर नाही, वाहिन्याही नाहीत. एन्झाइमच्यात सगळं आहे. अविनाश, अदलाबदल झाली आहे."

मी म्हटलं, "मग नावं फिरवून घेऊ या ना?"

"अंदाजानं? मग प्रयोग कशाला केला, आधीच लिहून टाकायचं होतं की." त्यांनी स्लाइडचा कोपरा पाहिला. "अक्षर काकांचं आहे. त्यांना कोणी सांगितलं कुठला कोणता ते?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

चाळीसही स्लाइड्स टाकून देण्यात आल्या. मॅडमनी रजिस्टर काढलं आणि लिहिलं की दौलत यांच्या हातून संशोधनाच्या स्लाइड्सची अदलाबदल झाली असून यापुढे त्यांना संशोधनाच्या कामात घेऊ नये. खाली काकांची सही घ्यायची होती. त्यांनी ते दोनदा वाचलं. पेन हातात घेऊन ते म्हणाले, "मॅडम, मले आठवून नाई राह्यलं मी रॅक कवा फिरवला ते. पन भाऊ खोटं कायले बोलतीन?" आणि सही केली.

त्या दिवसापासून ते मला भाऊ म्हणेनासे झाले. मला वाटलं रागावले. रागावले नव्हते. ज्याचं आपण नुकसान केलं त्याच्याशी सलगीनं बोलायचं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. "सर" म्हणू लागले. तेव्हा मी अजून सर झालोही नव्हतो.

नवीन एन्झाइम आलं, नवी अंडी आली, मी पुन्हा प्रयोग केला. काप मीच काढायचो, वाईट काढायचो. एकदा पट्टी सारखी फाटत होती. दार अर्धवट उघडं होतं, बाहेरून आवाज आला, "पातं बदला सर. धार गेली त्याची." मी म्हटलं, "आत या ना काका, दाखवा." ते उंबऱ्याबाहेरच राहिले. "नाई. लिवलं हाय ना." पातं बदललं, पट्टी नीट आली. पाहिलं तर ते निघून गेले होते.

प्रबंध झाला. त्याच विभागात मला नोकरी लागली. काकांना संग्रहालयाची खोली दिली होती. फॉर्मालिनच्या बरण्या, साप, मासे, बेडूक, विंचू. तिथे त्यांना नवी सवय लागली. प्रत्येक गोष्ट कोणालातरी विचारायची. बरणी कपाटातून काढली की जवळच्या मुलीला म्हणत, "पोरी, बेडूकच हाय ना हा?" मुलं हसत. "काका, बेडूक नाही तर काय हत्ती आहे?" तेही हसत. "विचारलेलं बरं असते माय." अंड्याला नुसतं उजेडासमोर धरून आतला जीव कितव्या दिवसाचा आहे हे अचूक सांगणारा माणूस बेडकाबद्दल साक्षीदार शोधत होता. मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकत असे. अशी दहाबारा वर्षं गेली.

मधुमेह त्यांना होता, हे सगळ्यांना माहीत होतं. चहा बिनसाखरेचा घेत. गोळ्या एका डबीत. डोळ्यांचं मात्र कोणालाच कळलं नाही. त्यांनी कळू दिलं नाही. जिना उतरताना कठड्यावरून हात सरकवत उतरायचे, बरणीवरचं नाव वाचायचं झालं की बरणी नाकापाशी न्यायचे. "चष्मा बदला काका," असं मी दोनदा म्हटलं. "कचरा गेला सर," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

त्यांच्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. एम.एस्सी.च्या वर्गात मी आधारपटलच शिकवत होतो. मधुमेहात लहान रक्तवाहिन्यांचं हे अस्तर जाड होतं, त्यातले प्रोटिओग्लायकन कमी होतात, वाहिन्या गळू लागतात, बंद पडू लागतात. मग डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पडतं आणि तिथे नव्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात. फुटतात, रक्त सांडतं. काका तक्ता घेऊन आले होते. तो टांगून झाल्यावर ते गेले नाहीत, भिंतीशी उभे राहिले. तास संपल्यावर तक्ता गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "सर, डोयात नव्या नया फुटतात म्हने. मंग त्या मानसाले काय दिसते?"

"आधी काही नाही. मग काळे धागे तरंगताना दिसतात, ठिपके दिसतात. रक्त जास्त सांडलं की एकदम पडदाच."

"अन् त्याच्यावर इलाज?"

"लवकर गेलं तर आहे. लेझर करतात. उशीर झाला की अवघड."

"असं काय." त्यांनी तक्त्याला सुतळी बांधली. गाठ दोनदा चुकली. मी हजेरीपट घेऊन निघालो. चालता चालता मला छान वाटलं होतं, काकांचं कुतूहल अजून शाबूत आहे म्हणून. त्या विषयात मी पीएच.डी. केली आहे.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ. मला बोलायला सांगितलं. आज सगळं सांगून टाकायचं, असं मी घरून ठरवून निघालो होतो. माइकसमोर उभा राहिलो आणि काकांच्या हातांबद्दल बोललो, सरकीबद्दल बोललो, सत्तावन्न अंड्यांबद्दल बोललो. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं सोडून सगळं बोललो. नंतर चहाच्या वेळी काका भिंतीला धरून माझ्याजवळ आले. "सर, लय चांगलं बोलले तुमी. ते स्लाइडाचं नाई काढलं चार लोकात. उपकार झाले." मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

यंदा सोयाबीन निघायच्या दिवसांत त्यांच्या मुलीचा, रंजनाचा फोन आला. अंधत्वाच्या प्रमाणपत्रासाठी कॉलेजचा एक कागद हवा होता. मी विचारलं, कोणासाठी? "बाबासाठीच सर. तुमाले माहीत नाई? दीड वर्ष झालं, काहीच दिसत नाई त्याहीले." डॉक्टर म्हणाले होते, तीनचार वर्षं आधी आणलं असतं तर बरीचशी नजर वाचली असती. मी म्हटलं, आधी का नाही नेलं? ती म्हणाली, "काळे धागे दिसतात म्हनून मायले सांगत होते, पन दवाखान्यात जाऊ देत नव्हते. म्हनत, मागं स्लाइडा मिसळल्या तवापासूनच माहे डोये खराब हाय, आता कोनाले समजलं तं कामावरून काढून टाकतीन. रिटायर होयेवर थांबू म्हने. तवरोक होऊन गेलं."

तो फोन ठेवल्यानंतर काय वाटलं ते लिहिण्याचा मला अधिकार नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना अर्ज दिला. काय घडलं, कोणी केलं, खोटं कोण बोललं, सगळं लिहिलं, खाली सही केली. मॅडम निवृत्त होऊन नागपूरला मुलीकडे आहेत. त्यांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगितलंस का? मला काय सांगतोस." आणि फोन ठेवला. प्राचार्यांनी रजिस्टरातला तो शेरा रद्द करून शेजारी खरं काय ते लिहिलं. त्याची प्रत आणि रंजनाचा कागद घेऊन मी महागावची गाडी धरली.

गावात विचारत विचारत घर सापडलं. अंगणात सोयाबीनच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. काका पुढच्या ओसरीत खाटेवर बसले होते, खाकी शर्टाची वरची गुंडी लावून. अंगठ्याचं नख आता साधं होतं, सगळ्यांसारखं. मी "काका" म्हटलं आणि त्यांनी लगेच ओळखलं. "अरे, सर! रंजे, सर आले. खुर्ची दे. पानी आन." चेहरा माझ्या आवाजाच्या जरा डावीकडे वळलेला. त्यांनी कॉलेजची चौकशी केली. यंत्र कोण चालवते? अंडे आनता की नाई आता? पोरं शिकतात का? मी एकेक उत्तर देत होतो. रंजना पाणी देऊन दाराशी थांबली.

मी म्हटलं, "काका, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या चाळीस स्लाइड्स तुम्ही मिसळल्या नव्हत्या."

ते हसले. "जाऊ द्या ना सर. जुनी गोष्ट. कायले काढता?"

"नाही, ऐका. तुम्ही पोळ्याला गेला होतात. मी नावं मार्करनं लिहिली. पुसून गेली. कुठला रॅक कोणता ते मलाच कळेना. मी तुम्हाला अंदाजानं सांगितलं. तुम्ही मी सांगितलं तसंच लिहिलंत. आणि मॅडमसमोर मी खोटं बोललो."

रंजनानं तोंडाला पदर लावला. काकांचं हसू काही वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, आणि मग कमी होत गेलं. ते हात मांडीवर उलटेपालटे करत बसले. शेजारच्या अंगणात कोणीतरी शेंगा बडवत होतं, त्याचा आवाज येत होता.

"म्हंजे तवा माहे डोये चांगले होते?" त्यांनी विचारलं.

"चांगले होते काका."

"एकदम चांगले?"

"एकदम."

"अन् हात?"

"तुमच्यासारखे हात मी अजून पाहिले नाहीत."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता ते ओरडतील, मला हाकलून देतील. तसं व्हावं, अशी माझी इच्छाही होती. ते म्हणाले, "मी दवाखान्यात गेलो नाई सर. मले वाटलं..." आणि थांबले.

"माहीत आहे. रंजनानं सांगितलं."

"अठरा वर्षं झाले," ते म्हणाले. "बायकोले रोज म्हनत होतो, माह्या हातानं एका पोराचं नुकसान झालं. रोज." त्यांनी घराच्या दिशेनं हात केला. "रंजीची माय आत हाय. तिले कमी ऐकू येते. माहं सांगनं तिले पटनार नाई. तुमी सांगा. जोरात सांगा."

मी चपला काढून उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. काकू चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. रंजनानं त्यांच्या खांद्याला हात लावला, तशा त्या वळल्या. ओसरीतल्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "काकू, काकांनी त्या स्लाइड्स मिसळल्या नव्हत्या. चूक माझी होती, आणि मी त्यांचं नाव सांगितलं. त्यांच्या हातून कधीच काही चुकलं नव्हतं. मला माफ करा, काकू. काका, मला माफ करा."